महाराजांच्या वतीने पाच तारे

एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि त्याला नाक होतं. नाक तर सगळ्यांनाच असतं, असं तुम्ही म्हणाल. पण मुलांनो, तीन टेकड्यांपलीकडे मोहाची फुलं गळायला लागली की हे अस्वल इकडे झोपेत शिंकायचं. त्याचं नाव झिपराजी. त्याची बायको सारजाबाई फुलं आंबत घाली, आणि पहिला घोट घेऊन झिपराजीने मान डोलावल्याशिवाय जंगलात कोणी द्रोण पुढे करत नसे.

त्या जंगलाचे राजे पंचानन महाराज. सिंह असूनही ते फार कष्टाळू होते, फक्त त्यांचे कष्ट दुसरे करत. एकादशीचा उपास महाराजांच्या वतीने ससा करी. पहाटेचा व्यायाम महाराजांच्या वतीने हरणं करत. वृक्षारोपणाचे खड्डे साळिंदर खणी, आणि फोटो तेवढा महाराज स्वतः काढून घेत. फोटोच्या बाबतीत त्यांनी कधी अंगचोरपणा केला नाही.

एके वर्षी परदेशातून एक करकोचा आला. त्याने सांगितलं, ऑस्ट्रिया नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथे गावोगावची बियर वेगळी. आणि हल्ली मोठमोठे राजे सायकलवरून हिंडून त्यातली चाखण्याजोगी कुठली ते शोधतात.

बियर म्हणजे काय हे तुम्हाला ठाऊक नाही, असं धरून मी सांगतो. तुम्हीही तसंच धरून ऐका. ते बार्लीचं फेसाळ, कडसर पाणी असतं. मोठी माणसं पहिल्यांदा पिताना तोंड वाकडं करतात आणि मग जन्मभर ते आवडतं म्हणून सांगतात.

महाराजांनी भर दरबारात घोषणा केली, की आम्ही सायकलने ऑस्ट्रिया पालथा घालणार. टाळ्या झाल्या. टाळ्या थांबल्यावर महाराजांनी पंजा उचलला आणि तो झिपराजीच्या दिशेने वळवला. सगळ्यांत उत्तम बियरचं एक पिंप घेऊन यायचं, असा हुकूम झाला. ते उत्तम निघालं नाही, तर सिंहासनापुढे अंथरायला बरेच दिवस काहीतरी मऊ हवं होतंच.

झिपराजीने आठ दिवसांत सायकल शिकून घेतली. त्यात दोन बाभळी आणि एक वारूळ कामी आलं. व्हिसाच्या अर्जात 'केसांचा रंग' या रकान्यात त्याने 'सगळीकडे काळा' असं खरं ते लिहिलं. सारजाबाईने भाकरी-ठेच्याचं गाठोडं हँडलला बांधलं आणि जपून जा जी, एवढंच म्हणाली. तिला बियरचं कौतुक नव्हतं. तिला नवऱ्याच्या कातड्याची काळजी होती.

ऑस्ट्रियात डॅन्यूब नदीच्या काठाने खास सायकलींसाठी रस्ता आहे. सपाट, सावलीचा, एकही खड्डा नसलेला. पहिले दोन दिवस झिपराजीला आपण वाट चुकलोय असंच वाटत होतं. एका गावात खानावळीवर पाटी होती, मंगळवारी विश्रांती. तो नेमका मंगळवार होता. पुढच्या गावात बुधवारी विश्रांती होती आणि तिथे पोहोचेपर्यंत बुधवार उजाडला होता. तिसऱ्या गावात एकदाचं दार उघडं मिळालं. तिथे त्याला सायकलवाल्यांचं म्हणून निम्मी बियर आणि निम्मं लिंबू सरबत दिलं. झिपराजीने ते संपवलं आणि वहीत काही लिहिलं नाही. पाहुणचाराला नावं ठेवू नयेत, असे त्याच्यावर संस्कार होते.

बाकी मात्र तो सगळं लिहायचा. रोज संध्याकाळी घोट, वास, फेस, असं सगळं टिपून तारे द्यायचा. ते मोबाइलवरून जगभर जायचं. वर नाव असायचं, 'पंचानन महाराजांची निवड'. लांबच्या जंगलातला राजा स्वतः पेडल मारत येऊन इतकं खरं बोलतो, याचं तिकडच्या प्राण्यांना अप्रूप वाटलं. सायकलवर हिंडणारे ससे आणि रानडुकरं ती यादी पोथीसारखी जवळ बाळगू लागले.

एके दुपारी तो एका लाकडी पुलापाशी आला. पुलापलीकडे गिझेलाबाई नावाच्या बदकिणीची जुनी खानावळ होती. त्या दिवशी वारा पाठीमागून होता. शिवाय आधीच्या गावात झिपराजीने पिठाचे मोठाले उंडे रश्शाबरोबर पाच वेळा मागून घेतले होते. गिझेलाबाईने ग्लास पुढे ठेवला. झिपराजीने दोन घोट घेतले, ढेकर दिली आणि वहीत लिहिलं: 'धुण्याचं पाणी, फेसासकट. एक तारा.'

पुढे घाट लागला. बारा किलोमीटरचा. निम्म्यावर एका गाईची खानावळ होती. तिथे त्याने लिहिलं: 'हिच्यात काहीतरी आहे. तीन तारे.' घाटमाथ्यावर आलोईस नावाच्या रानबोकडाची खानावळ होती. तिथे झिपराजी पोहोचला तेव्हा त्याची जीभ सायकलच्या चेनपर्यंत आली होती. पहिला ग्लास त्याने उभ्याने संपवला. दुसरा घेऊन तो पायरीवर बसला आणि थोडं रडला. मग लिहिलं: 'आधी गवताचा वास येतो. मग मध. मग आई. पाच तारे.'

महिनाभर तो आणखी हिंडला, पण आलोईसच्या बियरची सर कशालाच आली नाही. शेवटी पिंप मागायला तो पुन्हा त्या घाटमाथ्यावर आला. आलोईस म्हणाला की मी नुसती विकतो, करत नाही. करणारा लेओपोल्ड नावाचा बीव्हर, नदीला लाकडांचे बांध घालणारा प्राणी, खाली नदीकाठी राहतो. झिपराजी ब्रेक सोडून घाट उतरला आणि पत्ता शोधत शोधत गिझेलाबाईच्या परसात जाऊन उभा राहिला. लेओपोल्डची भट्टी तिच्या खानावळीला लागूनच होती.

झिपराजीने त्याला घाटमाथ्यावर पाठवता ती बियर मागितली. ती निराळी नसतेच, लेओपोल्डने सांगितलं.

"गिझेलाबाई, गाय, आलोईस, तिघांनाही एकाच हौदातली जाते," तो म्हणाला. "माझ्या आजोबांपासून."

झिपराजीने तिथेच एक घोट घेतला. धुण्याचं पाणी. त्याला वाटलं, बीव्हर थापा मारतोय. म्हणून गिझेलाबाईच्या नळाची बियर बाटलीत भरून घेऊन तो पुन्हा घाट चढला आणि माथ्यावर बसून प्यायला. अमृत. मग आलोईसची बियर बाटलीत भरून खाली आणली. धुण्याचं पाणी. पुन्हा वर गेला तेव्हा त्याला तहान अनावर झाली आणि तो तिथल्या झऱ्याचं पाणी प्यायला. तेही अमृत होतं. आधी गवताचा वास, मग मध, मग आई. हे मात्र त्याने वहीत लिहिलं नाही.

खाली आल्यावर त्याने गिझेलाबाईचं दार लोटलं. आत खुर्च्या टेबलांवर उलट्या करून ठेवल्या होत्या. यादीत एक तारा आल्यापासून तिच्याकडे कुणी फिरकलं नव्हतं. आलेले पुलावरूनच घाटाकडे जात. ती आजीच्या हातची रंगवलेली पाटी जुन्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळत होती. झिपराजीला तिने ओळखलं. पाटी बाजूला ठेवून तिने त्याच्यापुढे ग्लास भरून ठेवला, कारण गिऱ्हाइकाला ग्लास भरून देणं हा तिचा धंदा होता. झिपराजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मागच्या वेळी तुम्हाला वाऱ्याने आणलं होतं," गिझेलाबाई म्हणाली. "तुमचे पाय पेडलवर नव्हते. मी खिडकीतून पाहत होते."

"चुकलं माझं, बाई," झिपराजी म्हणाला. "ते तारे बियरचे नव्हते. घाटाचे होते."

"मग तसं लिहा."

झिपराजीने तिला महाराजांची गोष्ट सांगितली. तारे घाटाचे आहेत असं लिहिलं, तर महाराजांची निवड खोटी ठरणार आणि आपण सिंहासनापुढे पसरले जाणार. गिझेलाबाईने त्याच्याभोवती एक फेरी मारून कातडं नीट पाहिलं. कातडं चांगलं आहे, ते गमावू नये, हे तिने मान्य केलं. मग ती खिडकीतून पुलाकडे बराच वेळ बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी पुलावर बोर्ड लागला: 'पूल दुरुस्तीसाठी बंद. खानावळीकडे जाण्यासाठी वळसा, बावीस किलोमीटर, चढाचा.' पुलाला काही झालं नव्हतं. पण तो तिच्या आजीने बांधलेला होता, त्यामुळे बंद करायचा हक्कही तिचाच होता. चौथ्या दिवशी एक ससा वळसा घालून आला आणि उंबऱ्यातच आडवा पडला. त्याच्या तोंडाला ग्लास लावला. शुद्धीवर येताच त्याने सगळ्या मित्रांना कळवलं, की अशी बियर जन्मात प्यायलो नाही. आठवडाभरात खुर्च्या टेबलांवरून खाली आल्या. झिपराजीनेही यादी सुधारली: 'पुन्हा चाखली. मागच्या वेळी महाराजांना सर्दी होती. पाच तारे.'

गिझेलाबाईचं भलं झालं. झिपराजीचं व्हायचं होतं. लेओपोल्डने त्याला मेर्त्सनचं एक पिंप दिलं. मेर्त्सन म्हणजे मार्च महिन्यात करून उन्हाळाभर टिकवायची बियर, त्यामुळे ती प्रवासात बिघडणार नव्हती. पण महाराज घाट चढून आलेले नसणार, हे झिपराजीला पक्कं ठाऊक होतं. परतीच्या बोटीवर तो आपल्याच पोटावरून हात फिरवत बसे. ते मऊ होतं, आणि त्याला त्याचं फार वाईट वाटे.

दरबार भरला. महाराज नुकतेच एक नीलगाय फस्त करून उठले होते आणि शिळेवर आडवे झाले होते. त्यांनी घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"हे धुण्याचं पाणी आहे," महाराज म्हणाले.

चिटणीस कोल्ह्याने लगेच टेप काढून झिपराजीची लांबी-रुंदी घ्यायला सुरुवात केली. झिपराजीने सारजाबाईकडे पाहिलं आणि धीर केला.

"महाराज, ही अशी बसून पीत नाहीत," तो म्हणाला. "आधी सायकलने घाट चढायचा असतो."

महाराजांना ते पटलं. आम्ही आत्ताच चढतो, असं म्हणून त्यांनी पंजा उचलला आणि तो चिटणिसाकडे वळवला. चिटणिसाने टेप खिशात घातली आणि मुकाट्याने सायकलवर टांग टाकली. पिंप घेऊन झिपराजी निघाला. महाराज पालखीत बसले. पालखी चार गव्यांनी उचलली. ऊन रणरणत होतं.

टेकडीच्या माथ्यावर महाराजांनी पालखीतूनच घोट घेतला. तेच धुण्याचं पाणी. ते डोळे वटारून काही बोलणार, तेवढ्यात चिटणीस सायकलसकट तिथे कोसळला. राजकारण-बिजकारण विसरून त्याने सांडलेला फेस चाटला. मग पिंपालाच तोंड लावलं. नंतर तो मातीत बसून मुसमुसू लागला.

"आधी गवताचा वास येतो," तो हुंदके देत म्हणाला. "मग मध."

मग गवे प्यायले. चार गवे, ज्यांनी उभ्या जन्मात डबक्याशिवाय काही चाखलं नव्हतं, ते एकमेकांच्या गळ्यात पडले. त्यातल्या एकाला आई आठवली.

महाराजांनी सगळीकडे पाहिलं. मुलांनो, राजाला भीती वाटते ती फक्त एकाच गोष्टीची. जे आपल्या भोयांना कळलं ते आपल्याला कळलं नाही, हे भोयांना कळण्याची. महाराजांनी आणखी एक घोट घेतला. डोळे मिटले. ते इतक्या जोरात मिटले की मिशा थरथरल्या.

"अमृत," महाराज म्हणाले. "आम्ही खाली तेच म्हणणार होतो. चिटणिसाने टेप काढली म्हणून राहून गेलं."

झिपराजीचं कातडं झिपराजीच्याच अंगावर राहिलं. महाराजांना त्या वर्षीचा साहसी सायकलपटू म्हणून मानपत्र मिळालं, आणि महाराजांच्या वतीने ते गव्यांनी वाहून आणलं. चिटणीस मात्र तेव्हापासून रोज दुपारी कुणी न सांगता सायकल घेऊन टेकडी चढतो. वर बसून काय करतो, ते तो कुणाला सांगत नाही. महाराजही विचारत नाहीत.

घरी आल्यावर झिपराजीने सारजाबाईला सगळं सांगितलं, वहीत नव्हतं तेही. ती चुलीपुढे भाकरी थापत होती. तिने भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर केली.

"म्हणजे वरचं नुसतं पाणीबी तसंच लागलं?" तिने विचारलं.

"डिट्टो."

"मंग येवढ्या दूर गेलते कायले जी?"

झिपराजीने बराच विचार केला. तहान आणायले, असं त्याच्या तोंडावर आलं होतं. पण उद्या तो जंगलाच्या शाळेत 'ऑस्ट्रियाने मला काय दिलं' या विषयावर बोलणार होता. म्हणून त्याने ते भाकरीबरोबर गिळून टाकलं.

तात्पर्य: कष्टाचं फळ गोड असतं. म्हणून मुलांनो, कष्ट दुसऱ्याला करू द्यावेत, फळ आपण खावं, आणि गोड लागलं नाही तरी गोड म्हणावं. कष्ट करणारा समोर बसून तेच फळ खात असेल, तर जरा मोठ्याने म्हणावं. झऱ्याचं पाणी मात्र कधी चाखून पाहू नये. सगळं मुसळ केरात जातं.