पायाला पत्ताच नाही

त्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आज बायकोला पाय दाखवायचे नाहीत.

वाक्य जरा चमत्कारिक वाटेल, म्हणून खुलासा करतो. आमच्या घरी रोज सकाळी मी खुर्चीत बसतो, पाय स्टुलावर ठेवतो आणि बायको हातात टॉर्च घेऊन माझे तळवे तपासते. बोटांच्या बेचक्या, टाचा, नखांचे कोपरे, सगळं. विमानतळावर सामानाची होत नसेल इतकी कसून तपासणी होते. मग बूट उलटे करून आपटायचे, आत हात घालून चाचपायचे आणि तेव्हा कुठे मला घराबाहेर पडण्याची परवानगी मिळते.

याचं कारण म्हणजे पेरिफेरल न्यूरोपॅथी. (हे नाव एका दमात म्हणायला मी महिनाभर घेतला. आता ऑफिसात कुणी विचारलं की मी ते अशा काही थाटात सांगतो की समोरच्याला वाटावं, मला बढती मिळाली आहे.) साखरेचा आजार जुना झाला आणि पायांच्या नसा हळूहळू कामावर येईनाशा झाल्या. आधी मुंग्या आल्या. मग जळजळ. आणि मग एक दिवस जिन्यात एक चप्पल गळून पडली आणि मी दुसऱ्या चपलेवर ऐटीत भाजी घेऊन घरी आलो. चप्पल शेजारीण घेऊन आली. पायाला पत्ताच नाही.

तेव्हापासून घरात कायदा कडक आहे. अनवाणी फिरायचं नाही. आंघोळीच्या पाण्यात पाय घालण्याआधी कोपर बुडवून बघायचं, कारण पायावर आता कुणाचा विश्वास राहिलेला नाही. बूट डॉक्टरांनी सांगितलेले. मऊ, खोल आणि पुढून इतके ऐसपैस की बोटांना आत सहकुटुंब राहता यावं. आणि रोजची ती तपासणी.

पण त्या दिवशी कन्येच्या शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. बायको तिचा गणवेश इस्त्री करण्यात गुंतलेली. कन्या घरभर फिरत "शांततेचं महत्त्व" या विषयावरचं भाषण सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात पाठ करत होती. मला उशीर होत होता. म्हटलं, एक दिवस नाही बघितले पाय तर काय आकाश कोसळणार आहे? मी काय कुक्कुलं बाळ आहे? दाराजवळच्या कपाटावरून बूट उचलले, पाय सारले आणि निघालो.

"अहो, मी इस्त्रीत आहे, कुणाला तरी पाय दाखवलेत ना?" आतून आवाज आला.

"दाखवले!" मी म्हणालो. (कुणाला, ते तिने विचारलं नाही.)

मी सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं देण्या-घेण्याच्या खिडकीवर बसतो. भिंतीवर "शांतता राखा" असं माझ्या डोक्यापेक्षा मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आहे, आणि ती राखली जाते की नाही हे बघायला आमच्या ग्रंथपालबाई आहेत. बाईंना पान उलटल्याचा आवाजसुद्धा खपत नाही. त्या स्वतः इतक्या हळू बोलतात की मी अर्ध्या सूचना अंदाजाने पाळतो.

अकराच्या सुमारास मी पुस्तकं जागेवर लावायला उठलो आणि कुठूनतरी बारीक शिट्टी ऐकू आली. ट्वींऽऽऽ.

वाचकांनी माना वर केल्या. मीही इकडेतिकडे बघितलं. शिट्टी थांबली. मी चार पावलं पुढे गेलो. ट्वींऽऽऽ.

बाई केबिनमधून बाहेर आल्या आणि माझ्या कानाशी म्हणाल्या, "कोण आहे तो?"

"बघतो ना!" मी म्हणालो. अशी जबाबदारी माझ्यावर क्वचितच पडते. मी मागे हात बांधून कपाटांच्या रांगांमधून गस्त घालू लागलो. इतिहासाजवळ गेलो, इतिहासात शिट्टी. प्रवासवर्णनांकडे वळलो, तर तिथे शिट्टी. बदमाश माझ्या बरोबर पावलावर पाऊल टाकून फिरत होता, पण दिसत मात्र नव्हता. मी थबकून उभा राहिलो की तोही गप्प. इतका हुशार गुन्हेगार माझ्या आयुष्यात पहिलाच.

शेवटी कवितांच्या कपाटाशी एक गृहस्थ दिसले. त्यांचे ओठ पुढे आलेले, अगदी चंबू. मी त्यांच्या शेजारी गेलो. ट्वींऽऽऽ!

"हे शोभतं का तुम्हाला, या वयात?" मी दबक्या आवाजात दरडावलं.

"काय शोभतं का?"

"शिट्ट्या!"

"अहो, माझं तोंडच असं आहे!" गृहस्थ केवढ्याने ओरडले, आणि त्या गदारोळात बाईंनी शांतता राखण्यासाठी बाहेर काढलं ते मला. व्हरांड्यात.

व्हरांड्यात उभा असतानाच बायकोचा फोन आला.

"अहो, नानांचं यंत्र सापडत नाहीये!"

नाना म्हणजे माझे सासरे. निवृत्त भाषाशिक्षक. ते आमच्याकडेच असतात. त्यांना ऐकू येत नाही म्हणून आठवड्यापूर्वीच कानाचं नवं यंत्र घेतलं होतं. शेंगदाण्याएवढं, पण किंमत अशी की बिल बघून आम्हा सगळ्यांच्याच कानांत दडे बसले. नाना आणि बायको दुकानातून ते घेऊन आले तेव्हा मी वाचनालयात होतो, त्यामुळे त्याच्या सवयींशी माझी ओळख नव्हती.

"सगळं घर उलथंपालथं केलं," बायको म्हणत होती. "दाराजवळच्या आरशात केस विंचरायला म्हणून काढलं, कपाटावर ठेवलं, एवढंच आठवतंय त्यांना. आता चिमणी म्हणते, आजोबांना ऐकू येणार नसेल तर मी भाषणच करणार नाही."

हा मात्र खरा घोर होता. भाषण नानांनी बसवलेलं. कन्या नेहमी त्यांच्याकडे बघूनच बोलायची. ते मान डोलवायचे, ती पुढचं वाक्य घ्यायची. ऐकू आलं नाही तर मान चुकणार, मान चुकली तर पोर अडखळणार.

"नानांना दे जरा फोन," मी म्हणालो. (बहिऱ्या माणसाला फोनवर बोलावणारा मीच.)

"नाना, यंत्र कुठे गेलं?"

"संत्रं? नको जावईबापू, आंबट निघतात!"

"यंत्र! यंत्र!"

"बरं, आणा मग एक-दोन."

मी फोन ठेवला आणि व्हरांड्यात हताश फेऱ्या मारू लागलो. ट्वींऽऽऽ. ट्वींऽऽऽ. मी थबकून आजूबाजूला बघितलं. व्हरांड्यात माझ्याशिवाय कुणीच नव्हतं. म्हणजे शिट्टी माझ्याच कानात वाजत होती! नसांचा आजार पायांतून चढत चढत डोक्यापर्यंत पोचला तर! घरात आधीच एक बहिरा, त्यात आता माझी भर. मी त्यानंतर दिवसभर खिडकीवरून हललो नाही. शिट्टीही वाजली नाही. विश्रांतीने गुण येतोय, असं मी मनाशी म्हटलं.

संध्याकाळी थेट शाळेत पोचलो. सभागृह भरलेलं. पहिल्या रांगेत नाना, त्यांच्या शेजारी बायको आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी राखलेली खुर्ची. यंत्र सापडलं नव्हतं. कन्येला कसंबसं समजावून स्टेजवर उभं केलं होतं. ती बिचारी आजोबांकडे बघत होती आणि नाना, काहीच ऐकू येत नसल्यामुळे, खबरदारी म्हणून आधीपासूनच मान डोलवत होते.

"आदरणीय परीक्षक आणि मित्रमैत्रिणींनो," कन्या म्हणाली. "शांतता म्हणजे काय?"

ट्वींऽऽऽऽ!

सभागृहात खसखस पिकली. मी पोरीच्या काळजीने पाय हलवत होतो, ही माझी जुनी खोड.

"शांतता म्हणजे..." कन्येने पुन्हा सुरुवात केली. "जिथे एकही आवाज..."

ट्वींऽऽऽऽ!

"तुलाही ऐकू येतंय?" मी बायकोला हळूच विचारलं. मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! रोग माझ्या एकट्याचा नव्हता.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती खाली बघत होती. माझ्या उजव्या पायाकडे.

"बूट काढा," ती म्हणाली.

"इथे?"

"काढा म्हणते ना!"

पहिल्या रांगेत, तीन परीक्षकांच्या देखत, मी बूट काढला. बायकोने तो उलटा केला, आपटला आणि तिच्या तळहातावर शेंगदाणा पडला. मुठीत धरताच तो शेवटचं एकदा किंचाळला. ही त्या यंत्राची सवय दुकानदाराने तिला दाखवली होती: चोहोबाजूंनी दाबलं गेलं की शिट्टी मारायची. दिवसभर ते माझ्या बोटांखाली दडपून बिचारं मदतीसाठी ओरडत होतं.

"नाना, बुटात सापडलं!" बायको नानांना म्हणाली.

"सुटात?" नाना खणखणीत आवाजात म्हणाले. "जावईबापूंनी सूट कधी शिवला?"

आता सगळं सभागृह मोकळेपणाने हसायला लागलं. बायकोने यंत्र पदराने खसाखसा पुसून नानांच्या कानात बसवलं. नानांनी नाक जरासं आक्रसलं, पण शिक्षकच ते, वर्गाचं भान सुटलं नाही. त्यांनी स्टेजकडे बघून बोट उंचावलं आणि म्हणाले, "बाळ, पहिल्यापासून."

परीक्षकबाईंनी हसत परवानगी दिली. आणि पोरगी बोलली! पाठ केलेलं बाजूला ठेवून म्हणाली, "शांतता म्हणजे काय ते मला आत्ता कळलं. शांतता म्हणजे माझ्या बाबांनी बूट काढल्यानंतर जे होतं ते." दुसरं बक्षीस मिळालं. नानांच्या मते पहिलं मिळायला हवं होतं, पण पहिल्या आलेल्या मुलाच्या वडिलांनी पाय गप्प ठेवले होते.

टाळ्या चालू असतानाच बायकोने माझा मोजा काढला. करंगळीशेजारच्या बोटाखाली चांगली लालभडक जखम झालेली, कातडी सोललेली. ती हसायची थांबली.

"दुखत नाही गं," मी म्हणालो.

"तेच तर," ती म्हणाली आणि मोजा हळूच परत चढवला. मला दुखत नव्हतं म्हणून ते सगळं तिलाच दुखत होतं, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा नीट समजलं. मी घरी जाईपर्यंत एकही विनोद केला नाही. (तिने मध्येच विचारलं, बरं नाही का म्हणून.)

डॉक्टरांनी जखम धुतली, पट्टी बांधली आणि मला असं झापलं की नाना कान लावून कौतुकाने ऐकत बसले. वेळेवर दिसलं म्हणून थोडक्यात निभावलं, म्हणाले. जखम महिनाभरात भरली. आता तपासणीचं खातं बायकोने नानांकडे सोपवलं आहे. माझ्या "दाखवले"वर तिचा भरवसा उरलेला नाही. नाना निवृत्तीनंतर प्रथमच इतके खूश आहेत.

शिवाय डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ते अधूनमधून मला डोळे मिटायला लावतात आणि तळव्यावरून कापूस फिरवतात. काही कळलं तर मी सांगायचं. परवा असाच डोळे मिटून बसलो होतो आणि एकदम अंगठ्यापाशी काहीतरी हुळहुळलं. पुसट नाही, स्पष्ट! मी आनंदाने ओरडलो, "कळलं! नाना, कळलं! अगं, लवकर ये, नसा परत आल्या!"

बायको हात पुसत धावत आली. कन्या धावत आली. शेजारीणसुद्धा दारात आली. मी डोळे न उघडताच म्हणालो, "नाना, सांगा यांना! अंगठ्यावर फिरवलात की नाही कापूस?"

"जरा धीर धरा जावईबापू," आतल्या खोलीतून नानांचा आवाज आला. "मी अजून कापूसच शोधतोय."