डबीत लिनक्स, गावात बोभाटा

मंडळी, बंद पडलेली वस्तू माझ्या हातात आली आणि चालू न होता परत गेली, असं आमच्या वॉटल क्रीक गावाच्या इतिहासात घडलेलं नाही! अडतीस वर्षं दुधाच्या कारखान्यात फिटर होतो मी. म्हणून जेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला तो अर्ध्या विटेएवढा कॉम्प्युटर पडद्यावर लिहायला लागला, की 'हे यंत्र जुनं झालं, याला नवी सिस्टीम पेलणार नाही', तेव्हा मला तो माझा स्वतःचा अपमान वाटला. मीही सत्तरीचाच आहे की!

"फेक तो आणि नवा आण," माझी बायको नेरिडा म्हणाली.

"फेकायचा? अगं, हातपाय ठणठणीत आहेत त्याचे. फक्त डोकं फिरलंय. ते बदलतो. लिनक्स घालतो!"

"लिनक्स म्हणजे ते गुडघ्याला चोळायचं मलम ना?"

मी कपाळावर हात मारला. गुडघे तिच्या डोक्यात होते, कारण मेलबर्नला तिच्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं आणि आमच्या बेटावरून दुसऱ्या दिवशी सुटणाऱ्या जहाजाने ती तिकडे निघाली होती. धक्क्यावर निरोप घेताना ती म्हणाली, "क्लेम, मी येईपर्यंत त्या कॉम्प्युटरला हात लावायचा नाही!"

मी मान डोलावली. मान डोलावणं वेगळं आणि वचन देणं वेगळं, एवढं तर बेचाळीस वर्षांच्या संसारात शिकलोय.

जहाज क्षितिजाआड जायच्या आत मी घरी येऊन बाह्या सरसावल्या! पण मी कच्च्या गुरूचा चेला नाही. आधी कॉम्प्युटरमधलं सगळं निळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतलं. नातवंडांचे फोटो, लाइटची बिलं, सगळं! आता लिनक्स, म्हणजे जुन्या यंत्रालाही पेलणारी ती फुकटातली सिस्टीम, चढवायला दुसरा पेनड्राइव्ह हवा होता. शोधता शोधता बटणांच्या डब्यात एक लाल सापडला. कॉम्प्युटरने विचारलं, 'यावरचं सगळं पुसलं जाईल. चालेल?'

"चालेल काय, धावेल!" मी म्हणालो आणि बटण दाबलं.

मग त्या लाल पेनड्राइव्हवरून लिनक्स कॉम्प्युटरमध्ये घातलं, आणि काय सांगू! आधी तो सुरू होईपर्यंत माझा चहा पिऊन, कप धुऊन व्हायचा. आता बारा सेकंदांत हजर! मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. हात पोचला नाही, पण मारली.

तेवढ्यात नेरिडाचा फोन.

"ऐक, छपाईवाल्याने शुक्रवार संध्याकाळची मुदत दिलीय. पुस्तक तेवढं पाठवून दे."

पुस्तक म्हणजे आमच्या गावच्या अग्निशमन दलाच्या शंभरीसाठी बायकांनी काढलेलं पाककृतींचं पुस्तक. गावातल्या एकतीस बायकांच्या एकतीस हातखंडा पाककृती नेरिडाने चार महिने खपून टाइप केल्या होत्या.

"पाठवतो की! कुठेय?"

"तू त्या कॉम्प्युटरवर काहीतरी प्रयोग करणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून त्यातून काढून मुद्दाम वेगळं ठेवलंय. बटणांच्या डब्यात, लाल पेनड्राइव्हवर."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला, त्याला तरी काही वेगळं ऐकू येईल म्हणून!

"आणि... त्या बायकांनी लिहून दिलेले मूळ कागद?"

"ते टाइप झाल्यावर शेगडी पेटवायला वापरले. का रे?"

"सहज! सहज विचारलं. लाल ना? हो, हा काय, समोरच आहे!"

ते मात्र खरं होतं. समोरच होता. कोऱ्या पाटीसारखा.

सोमवारचा दिवस पुसलेलं परत आणण्यात गेला. त्यासाठी लिनक्सवर एक प्रोग्रॅम असतो, तो लावला. दुपारी त्याने लाल पेनड्राइव्हच्या पोटातून एकच पान बाहेर काढलं. अनुक्रमणिका! एकतीस बायकांची नावं आणि त्यांच्यासमोर पदार्थ. कृती एकही नाही.

दुसरा कोणी असता तर बायकोला फोन करून रडला असता. मी नाही! मी म्हटलं, यादी आहे, पाय आहेत, चार दिवस आहेत. वही घेतली, पेन्सिलीला टोक केलं आणि मंगळवारी सकाळी पहिल्या नावाच्या दारात उभा राहिलो. थेल्मा पिअर्स, स्पंज केक.

"थेल्मा, तुझा स्पंज कसा करतात गं? मला स्वयंपाक शिकायचाय."

थेल्मा माझ्याकडे बघतच राहिली. "तुला? नेरिडा कुठेय?"

"मेलबर्नला गेलीय."

"परत कधी येणारेय?"

आता गुडघ्याचं ऑपरेशन! बहीण चालायला कधी लागेल, हे कोणी सांगावं? मी उसासा टाकून म्हणालो, "ते काही सांगता येत नाही बघ."

थेल्माचे डोळे भरून आले. तिने मला खुर्चीत बसवलं, चहा दिला आणि दार लावून घेऊन हळूच म्हणाली, "पुस्तकात मी लिहिलंय ते विसर. कोंबडीच्या अंड्यांनी कसला फुगतोय तो! बदकाची अंडी घालते मी. कुणाला बोलू नकोस. तुझी वेळ वाईट आहे म्हणून सांगतेय."

मला कळेना, माझी वेळ वाईट आहे हे हिला कसं कळलं! पण मी लिहून घेतलं.

दुसऱ्या घरी मी बेल वाजवायच्या आत दार उघडलं. तिसऱ्या घरी तर बाई फाटकातच मटणाची डिश घेऊन उभ्या! "खाऊन घे रे बाबा. पुरुषमाणसाने असं उपाशी राहू नये." त्यांनी मला मिठी मारली. गेल्या वीस वर्षांत त्यांनी मला साधा रामराम केला नव्हता.

बुधवारपर्यंत आमच्या फ्रिजमध्ये अकरा डिश झाल्या. त्यातल्या चार ट्यूनाच्या! जिच्या जिच्या दारात गेलो, त्या प्रत्येक बाईने मला ओट्यापाशी उभं करून आपलं खरं गुपित सांगितलं. बेरिल खारवलेलं बीफ पाण्यात नाही, जिंजर बिअरमध्ये शिजवते. अग्निशमन दलाच्या कॅप्टनची आई, पंचाऐंशी वर्षांची ओलिव्ह फेंटन, जिच्या लॅमिंग्टन केकला सतरा वर्षं पहिलं बक्षीस मिळतंय, ती माझा हात हातात घेऊन म्हणाली, "आतला केक मी करतच नाही रे. बर्नीच्या दुकानातून आणते. वरचं चॉकलेट आणि खोबरं तेवढं माझं. पण तू धीर सोडू नकोस. माझाही पहिला नवरा गेला होता सोडून."

"सोडून?" मी म्हणालो.

"नेरिडासारखाच."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला! अख्ख्या गावाने माझं घर मोडून ठेवलं होतं!

खरं सांगायला तोंड उघडलं. पण यादीत अजून नऊ नावं होती. आणि मुदत शुक्रवारची. मी तोंड मिटलं, मान खाली घातली आणि शक्य तितक्या दुःखाने विचारलं, "चॉकलेट किती?"

शुक्रवारी दुपारपर्यंत तीस कृती टाइप झाल्या. राहिली एक. नेरिडा ट्रिगेन्झा, स्कोन. आमच्या घरातली! चहाबरोबरचे ते गोल, मऊ स्कोन मी बेचाळीस वर्षं खात आलोय, मग विचारायचं कुणाला? मी बेधडक लिहिलं: मैदा, लोणी, दूध, एक अंडं, चांगलं मळून घ्यावं. आणि दिलं पाठवून! लिनक्सने फाइल अशी पाठवली, की बघत राहावं!

रविवारी मी नेरिडाला आणायला धक्क्यावर गेलो. पण माझ्याआधी तिथे थेल्मा उभी. नेरिडाचे दोन्ही हात धरून ती म्हणाली, "आलीस ना परत! तो माणूस वेडा आहे, पण मनाने वाईट नाही गं. निदान मुलांकडे बघ!"

"मुलांकडे?" नेरिडा म्हणाली. "धाकटा छत्तीसचा आहे!"

घरी येऊन तिने फ्रिज उघडला. एकेक झाकण उचलून बघितलं. "क्लेम. आता सगळं सांग."

मी सांगितलं. पेनड्राइव्ह, अनुक्रमणिका, बदकाची अंडी, सगळं. ती उठली, कॉम्प्युटरसमोर बसली आणि पहिल्या पानापासून वाचायला लागली. बेरिलच्या पानावर तिच्या भुवया वर गेल्या. ओलिव्हच्या पानावर तिने टेबल धरलं. मग शेवटचं पान आलं, तिचं स्वतःचं. ते तिने दोनदा वाचलं, आणि अशी हसायला लागली की तिला खुर्ची सोडून जमिनीवर बसावं लागलं!

"अंडं?" ती म्हणाली. "मळून घ्यावं?"

"चुकलं असेल तर उद्या छपाईवाल्याला फोन करून बदलतो. अजून वेळ आहे."

"खबरदार फोनला हात लावलास तर! एक अक्षर बदलायचं नाही."

पुस्तक आलं आणि तासाभरात संपलं. ओलिव्हने माझ्याशी बोलणं टाकलं. बेरिलने टाकलं. थेल्मा मला पाहून रस्ता ओलांडते. बर्नीच्या त्या दुकानात मात्र आता केकसाठी रांग लागते म्हणे. आणि गावातल्या घराघरांत 'नेरिडाचे स्कोन' करून झाले. आमच्या दंतवैद्यालाच काय ते आवडले.

मागच्या रविवारी ती नेहमीसारखी गरम स्कोन घेऊन आली. तोंडात घातला की विरघळणारा! मी एक खाल्ला, दुसरा खाल्ला आणि हळूच विचारलं, "आता तरी सांग. यात घालतेस तरी काय?"

तिने लोण्याचा डबा माझ्याकडे सरकवला. "तुला सांगू? तू छापशील!"