जागेवर नाव दाखवा!

नोटीस लिहिणाऱ्या साहेबाला एक तर मराठी येत नाही, नाहीतर गरिबाची जागा लाटायची ही त्याची नवी तऱ्हा आहे. दोन्हींपैकी कुठला गुन्हा कबूल करायचा, ते त्याचं त्यानं ठरवावं! नोटिशीत स्वच्छ लिहिलं होतं: 'पाहणीच्या दिवशी वहिवाटदाराने जागेवर नाव दाखवावे. न दाखविल्यास जागा पर्यटन धक्क्यासाठी ताब्यात घेण्यात येईल.'

"नाव दावा म्हणत्यात?" नबीसाबनं मिशीला पीळ भरला. "तीन पिढ्या नावाच बांधल्यात आमी! दावतो की!"

केम गावाच्या पल्याड, धरणानं तुंबलेल्या भीमेच्या फुगवट्याच्या काठी नबीसाबचा होड्यांचा कारखाना. म्हणजे एके काळी कारखाना! फायबरच्या बोटी आल्या आणि लाकडी होडी कुणी विचारीना. आता अर्ध्या जागेत सांगोल्याच्या व्यापाऱ्यांची मेंढरं मुक्कामाला असायची, उरलेल्या अर्ध्यात लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी यायची. मागं मेंढरू, पुढं नवरी! शेवटची होडी चार खांबांवर पालथी पडलेली, आणि तिच्या छपराखाली बायकोचा, हुसेनबीचा, चहाचा गाडा.

नबीसाबनं होडी उतरवली. बुडाला हे एवढं भोक! फळी शोधायला वेळ कुठला? त्यानं फाटकावरची पाटीच उपसली. 'नबीसाब होडी कारखाना' अशी सासऱ्यानं हातानं रंगवलेली.

"अवो, माझ्या अब्बानं लिवल्यालं नाव बुडाला ठोकताय?" हुसेनबी कडाडली.

"नाव बुडू नये म्हणूनच नाव ठोकतोय!"

"तुमचं डोस्कं बुडालंय आधी!"

पाटी ठोकली, वर डांबर फासलं. अक्षरांवर फासायला तेवढा हात धजला नाही.

पाहणीचा दिवस उजाडला. साहेब रस्त्यानं येतील तर साहेब कसले! ते आले सिद्धप्पाच्या मोटरबोटीतून. हा सिद्धप्पा फ्लेमिंगो दाखवायचा धंदा करतो. मासेमारांच्या जाळ्यांवरनं बोट घालतो आणि वर म्हणतो, "मोटर हाय माझी, मोठ्याला वाट द्या!" नबीसाबचं म्हणणं, "वल्ह्यावाल्याला आधी वाट, हाताला पेट्रोल लागत न्हाय!" वर्षभर पाण्यात हेच भांडण. आणि पर्यटन धक्का झाला असता तर कुणाच्या बोटीला? सांगायलाच पाहिजे का?

नुसती ठेवलेली नाव काय दावायची, चालती दावू, म्हणून नबीसाब वल्हं मारत सामोरा गेला. चिंचोळ्या जागी दोघं समोरासमोर! कुणी हटेना.

"ए म्हाताऱ्या, बाजूला हो की!" सिद्धप्पा.

"तू हो! तुझ्या आजाच्या आधीपासनं हितं वल्हं हाय माझ्या घराण्याचं!"

साहेब ताडकन उभे राहिले. "मी सांगतो! नियम आहे! दोघांनी डावीकडे घ्या!" आणि त्यांनी आपला डावा हात लांबवला.

सिद्धप्पानं तोंडाचं ऐकलं. मोटरच्या आवाजात नबीसाबला तोंड ऐकू येईना, त्यानं हात बघितला. दोघंही एकाच बाजूला वळले!

धडाम्! फायबर कलिंगडासारखं उकललं. साहेब पाण्यात!

"बुडालो! वाचवा!"

"साहेब, उभं ऱ्हावा," नबीसाब म्हणाला. "गुडघाभर हाय."

साहेब उभे राहिले. सिद्धप्पा कधीचाच उभा होता. नबीसाबनं दोघांना होडीत घेतलं, काठाला आणलं, हुसेनबीनं चहा दिला. साहेबांनी ओली फाईल पिळली.

"हं. नाव?"

"हीच की! तुमी बसून आला ती!"

"अहो, नाव! मालकाचं नाव! जागेवर पाटी लागते, पाटी! कुठाय?"

नबीसाबच्या तोंडचं पाणी पळालं. फाटकाच्या खांबावर नुसते चार खिळे! त्यानं हुसेनबीकडं बघितलं. ती पदर खोचून उठली. "बघताय काय? पालथी घाला!"

सिद्धप्पालाच हात लावावा लागला. होडी पालथी झाली. डांबराच्या मधोमध, ओलं, चकचकीत: 'नबीसाब होडी कारखाना'. एक अक्षरसुद्धा गेलं नव्हतं.

"नाव बी हाय, नावेवर नाव बी हाय!" हुसेनबी म्हणाली. "आता काय पायजे?"

साहेबांनी डोळे भरून वाचलं, मान हलवली, दुसरा चहा घेतला आणि मेंढरांच्या टेम्पोतून टेंभुर्णीला गेले.

आठव्या दिवशी कागद आला. 'पाहणीवेळी जागेवर नाव आढळून आले नाही. तसेच जागेवर नाव आढळून आली नाही. सबब जागा ताब्यात घेण्यात येत आहे.'

नबीसाबनं कागद दोनदा वाचून घेतला. मग त्याच्याच पाठीवर मला उत्तर लिहायला लावलं. साहेब, तो अर्ज आजतागायत तुमच्या टेबलावर पडलाय, आणि जागा आजतागायत नबीसाबनं सोडलेली नाही. तो पुन्हा इथं छापतो, म्हणजे मिळाला नाही असं म्हणायची सोय नको:

'साहेब, नाव नव्हती, तर त्या दिवशी तुमी कशात बसून काठाला आला? आणि नाव नव्हतं, तर तुमचं बूड कशावर टेकलं होतं? लेखी उत्तर द्या!'