घटना क्रमांक बेचाळीस

आमच्या शेजारचे प्रधानकाका जंबो विमानाबद्दल बोलायला लागले, की माझी आई 'गॅसवर दूध ठेवलंय' म्हणून उठायची. दूध नसायचं.

काकांनी उभ्या आयुष्यात विमानात पाऊल ठेवलेलं नव्हतं. मानपाड्याच्या एका कारखान्यात ते व्हॉल्व्ह तपासायचे. पण ते चार इंजिनांचं अवाढव्य विमान जगात कुठेही शिंकलं, तरी डोंबिवलीत काकांना कळायचं. रद्दीवाल्याकडून इंग्रजी मासिकं किलोवर आणायची, कात्री चालवायची आणि कात्रण निळ्या वहीत चिकटवायचं. "अपघात म्हणू नकोस रे," ते मला दटावायचे. "घटना म्हण. घटनेला कारण असतं. कारण सापडलं, विषय मिटला."

ऐंशीच्या दशकात आमच्या इमारतीतली निम्मी मुलं आखातात नोकरीला निघाली होती, त्यामुळे हा छंद फारच गैरसोयीचा होता. माझा भाऊ मधू मस्कतला निघाला तेव्हा आईने मला जिन्यात पहाऱ्यावर उभं केलं. "प्रधानभावजी दिसले तर खोक." ते दिसले, मी खोकलो, मधू हातावरचं दही चाटत घरात पळाला. काका त्याच्या मागोमाग आत.

"सीट कुठली? पंखाच्या मागे? मग बसल्याबरोबर दारापर्यंतच्या रांगा मोजून ठेव. धूर झाला तर चाचपत जाता आलं पाहिजे."

आईने देवापुढे पुन्हा दिवा लावला.

माणूस चांगला पण तोंड अशुभ, असं सगळ्या इमारतीचं मत होतं. माझंही होतं. त्यांची एकुलती मुलगी शैला लग्न होऊन कॅनडात गेली, ती सहा वर्षांत एकदाही आली नव्हती. असल्या बापाकडे कोण येईल, असं लोक बोलायचे.

एका रविवारी मी त्यांचा पाना परत द्यायला गेलो. काका आंघोळीला गेलेले, वही टेबलावर उघडी. मी सहज चाळायला घेतली. उतरताना टायर फुटला. एक इंजिन बंद पडलं, बाकी तीन इंजिनांवर परत आले. सामानाच्या दाराचा दिवा लागला, अर्ध्या वाटेतून फिरले. अशा एक्केचाळीस घटना, आणि प्रत्येकीखाली लाल शाईने दोनच शब्द: सर्व सुखरूप.

मोठे अपघात मीही पेपरात वाचले होते. वहीत त्यातला एकही नव्हता.

काकू चहा घेऊन आल्या. मी विचारलं तेव्हा त्या शेजारी बसल्या.

"शैला गेली ती त्याच विमानाने. त्याच आठवड्यात पेपरात तसलंच एक पडलेलं पाहिलं. मी तिला शपथ घातली, पुन्हा त्यात बसायचं नाही. ती माझ्यावर गेलीय, मी सोडवल्याशिवाय शपथ मोडायची नाही. तेव्हापासून हे रोज जेवण झालं की मला एक वाचून दाखवतात."

"मग पटलं तुम्हाला?"

"अरे, वाईट तेवढं गाळतात, कळतं मला. पेपर मीपण वाचते." त्यांनी वहीवरची धूळ पदराने पुसली. "पण बेचाळिसावी मिळेना, म्हणून हे या आठवड्यात तीनदा रद्दीवाल्याकडे जाऊन आले. पाय दुखतात त्यांचे. म्हटलं, बास आता. काल पत्र टाकलं शैलाला, ये म्हणून."

मला माझ्या त्या खोकल्याची लाज वाटली.

डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही मेटॅडोर करून सहार विमानतळावर गेलो. वाटेत काकांनी ड्रायव्हरला विमानाची सगळी चाकं समजावून सांगितली. "अठरा आहेत. एखाद्याने काही होत नाही." विमान उतरल्याचं पाटीवर आलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, ते शैला ट्रॉली ढकलत बाहेर येईपर्यंत सोडलं नाही. ट्रॉलीवर चार वर्षांची नात बसलेली होती. काकूंनी आधी तिला उचललं, मग शैलाला जवळ घेऊन रडल्या.

परतताना नात काकांच्या शेजारी झोपली. त्यांनी पिशवीतून वही काढली आणि निळ्या शाईने लिहिलं: घटना क्रमांक बेचाळीस. काहीही झालं नाही. मग लाल पेन काढलं, पण त्यांना अक्षर नीट काढता येईना.

"गाडी फार हलते रे," ते मला म्हणाले.

गाडी सिग्नलला उभी होती.