महालिंगअप्पांचा पंचनामा

सेलूला महालिंगअप्पांच्या दुकानात पडलेली सायकल घेऊन गेलात, तर तुम्हाला आणखी एकदा पडावं लागतं. खोटं वाटेल, पण त्याशिवाय अप्पा पान्याला हातच लावत नाहीत. आधी स्टुलावर बसतात, उपरण्यानं घाम पुसतात आणि म्हणतात, "हं, पडलाव कसे ते दाखवा." सांगा नव्हे, दाखवा! मग भर रस्त्यात तुम्ही वाकायचं, हात पसरायचे, कुठला गुडघा आधी टेकला तेही करून दाखवायचं. समोरच्या सरकीच्या दुकानातली गिऱ्हाइकं हातात चहा घेऊन हा खेळ बघत उभी राहतात.

अप्पा पासष्टीच्या पुढचे. गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, अंगात ग्रीसचे डाग पडलेली बंडी आणि तोंडात एकच शब्द, 'खामखा'. गिअरची सायकल खामखा. जाडजूड टायर खामखा. हँडलला मोबाईल अडकवायची सोय तर बिलकुल खामखा. "सायकलीला कुनाचा फोन येणार हाय?" कोणी घाई केली की म्हणतात, "डागदरकडं आशी जल्दी करताव का? मंग हितंच कामून?" आलेल्या माणसाला आणि त्याच्या सायकलीला ते एकदमच 'शरणार्थ' म्हणून हात जोडतात. आधी कोणाला, ते मला अजून कळलेलं नाही. बहुतेक सायकलीला.

आता माझं ऐका. मी शाळेत शिकवते, वय अठ्ठेचाळीस. शुगर निघाली, डॉक्टर म्हणाले सायकल चालवा. मला तेवढंच निमित्त हवं होतं. सहा महिने झकास गेले. मग एका सकाळी समोरून आमचे चुलत सासरे आले. आता सासरे दिसले की डोक्यावर पदर घ्यायला एक हात लागतो आणि नमस्काराला दोन. झाले तीन. हँडलचा विचार मी केलाच नव्हता. पुढच्या क्षणाला मी पेरूच्या गाड्यावर, सायकल माझ्यावर, आणि सासरे वरून म्हणतायत, "सुखी राहा!"

लागलं फार नाही, कोपर तेवढं सोललं. पण धसका बसला. गावभर बोभाटा झाला तो वेगळाच. घरी हे म्हणाले, "बास झाली आता हौस. नीट करून घे अन् विकून टाक." एरवी मी ह्यांचं इतक्या मुकाट्यानं ऐकणारी नव्हे. या वेळी ऐकलं, कारण मला खरंच भीती वाटत होती. पुन्हा सीटवर बसायचं नुसतं मनात आलं तरी मी सायकलीकडं पाठ फिरवायची. तसं मी कोणाला सांगितलं मात्र नाही.

सायकल ढकलत अप्पांकडे नेली. रीतसर पंचनामा झाला. पदर, नमस्कार, पेरू, सगळं मी करून दाखवलं. सरकीवाल्यांची हसून मुरकुंडी वळली. अप्पा मात्र गंभीर. त्यांनी चाक फिरवून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिले.

"ब्रेकची कसूर न्हाई. सगळी कसूर सासऱ्याची हाय. चाकाला आउट आलाय, वाकडं फिरतंय, हँडल फिरलंय. दुसरं काय न्हाई."

"अप्पा, जरा चकचकीत करून द्या. विकायचीय."

त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "इकायला मी नीट करत न्हाई, बाई. चालवायला करतो."

मी भडकले. माझी सायकल आहे, विकीन नाहीतर विहिरीत टाकीन! तसं तोंडावर बोललेही.

"टाका की. पन आधी माझ्यासमोर तीन चकरा मारा, मंग टाका."

एवढं बोलून ते कामाला लागले. पुढचं चाक गुडघ्यांत दाबून हँडल सरळ केलं. मग एकेक तार पिळत, चाक फिरवून बघत, त्याचा लंगडेपणा घालवला. तासाभरानं सायकल माझ्यापुढं उभी केली.

"बसा."

"नको."

"बसा म्हणतो ना."

"अप्पा, मला भीती वाटते हो!" माझा आवाज फुटला. सरकीवाल्यांनीसुद्धा माना दुसरीकडं फिरवल्या.

अप्पा हळू आवाजात म्हणाले, "आमची महानंदा आठवीत आसताना पडली होती. आमी तवा बोरी गावाच्या पल्याड मळ्यात ऱ्हायचो. सायकलीवर शाळंत जायची. पडली, तर लोक हासले. मला राग आला. लोकांचा न्हाई, तिचाच. सायकल आढ्याला टांगली अन् म्हणलं, बास झालं. साऱ्या गावाच्या सायकली नीट करायचो बाई मी. तिची तेवढी केली न्हाई."

"मग शाळा?"

"सुटली. आता येलदरीकडं दिलीय. लेकरंबाळं हायत, सुखात हाय. सनाला येती, माझ्यासाठी शेंगाची चटणी आणती. कदी बोलून दाखवलं न्हाई तिनं. एकदा भांडली आसती तर बरं झालं आसतं."

मी पदर कमरेला खोचला आणि बसले. पहिल्या दहा हातांत दोनदा वाटलं, गेले! पण नाही गेले. कोपऱ्यापर्यंत पोचले, वळले, परत आले.

अप्पा दारात उभे होते. ग्रीसचा बोळा हातात होता, त्यानंच डोळे पुसल्यामुळं गाल, नाक, सगळं काळं झालं होतं. मला हसू आलं.

"हासायलाव काय? आजून दोन ऱ्हायल्या."

मी दोन नाही, पाच मारल्या. प्रत्येक वेळी अप्पा दुकानाबाहेर येऊन उभे राहत होते.