मोठ्या बाईंची चाचणी

"या शाळेत मूल हेच मालक! एकीला जायलासुद्धा इथे कुणी कुणापुढे हात वर करणार नाही!"

कोरियातल्या गुन्सान शहरातल्या आपल्या बालवाडीत मो जंग-हे बाईंनी चौतीस वर्षांच्या अनुभवाने ही घोषणा केली, तेव्हा समोर एकच आई बसली होती. तिच्या हातात कॉफी होती, त्यामुळे टाळी वाजली नाही.

ही जी-हानची आई. पुढच्या वर्षासाठी नऊ नावं आली होती. दहावं आलं नाही तर खालचा मजलाही वरच्यांना जाणार होता. वरचा मजला आधीच म्हाताऱ्यांच्या पाळणाघराला गेला होता. पिवळी बस तीच, चपलांची फळी तीच, फक्त उतरताना एकमेकींचा हात धरणाऱ्या आता आज्या होत्या. गल्लीत पोरं होईनाशी झाली नि म्हाताऱ्या मरेनाशा झाल्या, त्याला बाई तरी काय करणार?

जी-हानच्या आईने विचारलं, इंग्रजी कधीपासून? पोरगा पाचाचा घोडा झालाय. बाई म्हणाल्या, मातीत सगळं असतं, इंग्रजीसुद्धा. आईने लेकाच्या पांढऱ्याशुभ्र मोज्यांकडे पाहिलं. शेवटी ठरलं की तासभर डोळ्यांनी बघायचं, मग काय ते.

भिंतीवर तीन तत्त्वं होती. खेळ मूल निवडेल. मोठ्यांनी लुडबूड करायची नाही. मुलाने बोलावलं तर मुकाट खेळायला बसायचं. ती मुलांच्या उंचीवर लावलेली असल्यामुळे वाचता येणाऱ्या कुणालाच दिसत नसत.

माती भिजवली, ठोकळे मांडले, ढोल काढले. सहा वर्षांच्या दानबीने सगळ्यावर नजर फिरवली आणि खुर्च्या भिंतीकडे तोंड करून रांगेत लावल्या.

"आज क्लास-क्लास."

दानबीचा दादा तीन क्लासना जातो. ती जिन्यात त्याची वाट बघत बसते, म्हणजे विषयाची तयारी पक्की. मातीत हात घालील त्याचे दोन मार्क वजा, असं तिने जाहीर केलं. नऊ पोरं गुमान बसली, दहावा जी-हान. मदतनीस बाई पुढे सरसावल्या, पण मो बाईंनी डोळ्यांनी दटावलं. तत्त्व दुसरं.

मग दानबीची पट्टी बाईंकडे वळली. "ह्या नवीन का? आधी चाचणी."

तत्त्व तिसरं. बाई वीतभर खुर्चीत बसल्या. गुडघे कानांशी आले.

"सात आणि आठ?"

"पंधरा."

"चूक. नऊ हजार."

"अगं दानबी..."

"उलट बोलतात. खालच्या वर्गात घाला ह्यांना. आईला फोन करावा लागेल."

बाईंची आई जाऊन वीस वर्षं झाली होती. तरी बाई सावरून बसल्या.

इकडे जी-हानच्या आईचा चेहरा फुलला होता. ती बाईंच्या कानाशी वाकली. "तुम्ही पण ना, बाई. मातीच्या काय थापा मारत होतात? एवढी शिस्त आहे हे आधी सांगायचं की." तिने पर्समधून फॉर्म काढला, पेन काढलं आणि नावाच्या रेघेवर आणून थांबवलं. "रोज हे असंच चालणार ना?"

चौतीस वर्षं बाईंच्या घशाशी आली. वाक्य छोटंसं होतं: हा खेळ आहे. वरच्या मजल्यावर आज्या एका सुरात आकडे म्हणायला लागल्या, एक, दोन, तीन. बाईंनी तोंड उघडलं.

"तास चालू असताना बोलायचं नाही," दानबीने पट्टी आपटली.

पेन अजून थांबलेलंच होतं. बाईंनी तोंड मिटलं आणि होकारार्थी मान डोलावली. दहावं नाव लागलं.

आई भिंतीला टेकून कौतुकाने बघत राहिली. तास काही संपेना. सकाळी घेतलेला दोन पेले सातूचा चहा आपलं काम करू लागला. बाई अर्धवट उठल्या. दानबीने पाहिलं. आईनेही पाहिलं.

बाई परत बसल्या आणि हात वर केला.

"बाई, एकीला जाऊ?"