दुष्परिणाम : निरंक

नव्या रायपुरातल्या अप्रचलित अभिलेख संचालनालयात एका सोमवारी परिपत्रक आलं की पन्नाशी ओलांडलेल्या सर्व कर्मचाऱ्यांचं रक्त शासनाला पाहायचं आहे. अभियानाचं नाव होतं ‘निरोगी हृदय, निरोगी शासन’. यातल्या दुसऱ्या भागाबद्दल कुणालाच फारशी आशा नव्हती. पण पहिल्या भागासाठी रक्त रिकाम्या पोटी द्यायचं होतं आणि त्यानंतर पोहे-जिलेबी मिळणार होती, म्हणून उपस्थिती शंभर टक्के भरली.

सेहेचाळीस जणांच्या रक्तात कोलेस्टेरॉल प्रमाणाबाहेर निघालं. पॅनलवरच्या डॉक्टरांनी एका दुपारी सेहेचाळीसही जणांना तपासलं आणि सगळ्यांना एकच गोळी, एकाच मापाची, लिहून दिली. शासकीय कामात समानता महत्त्वाची असते. त्याच दिवशी लिफ्टच्या दारावर सूचना लागली : ‘स्वास्थ्य हित में कर्मचारीगण सीढ़ी का प्रयोग करें.’ वरिष्ठ अधिकाऱ्यांना यातून सूट होती. त्यांच्या हृदयांबद्दल अभियानाला शंका नव्हती.

त्या सेहेचाळिसांत यज्ञेश्वर दाणी होते. वय सत्तावन्न, पद अनुभाग अधिकारी, बसायची जागा तिसरा मजला. दाण्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात नागपूरहून रायपुरात आलं आणि तात्यापाऱ्यात स्थिरावलं. तेव्हापासून घराण्यात कुणी कुणाची तक्रार केली नव्हती. यज्ञेश्वर हा वारसा निष्ठेनं सांभाळत होते. त्यांचं कोलेस्टेरॉल दोनशे एकाहत्तर आलं. त्यांचे थोरले भाऊ गंगाधर त्रेपन्नाव्या वर्षी गोल बाजारात पितळी डबा पारखता पारखता छाती धरून खाली बसले होते आणि उठलेच नव्हते. त्यामुळे यज्ञेश्वरांनी गोळी पहिल्या दिवसापासून अशी घेतली की जणू आरतीनंतरचं तीर्थ.

तिसऱ्या आठवड्यात त्यांच्या मांड्या दुखायला लागल्या.

दुखणं साधं नव्हतं. आदल्या दिवशी कुणी मुसळानं मांड्या कांडल्या असाव्यात, असं सकाळी वाटे. पूजेच्या पाटावरून उठताना ते देवघराची चौकट धरत. बसमधून उतरताना कंडक्टर म्हणे, “आराम से, दादाजी,” आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतच्या अडुसष्ट पायऱ्या ते कठडा धरून, प्रत्येक वळणावर एखादी फाइल वाचल्याचं सोंग करत चढत.

“काहून असे चालून राहिले तुम्ही?” सुजाताबाईंनी एक दिवस विचारलं.

“बसमध्ये लचक भरली असंल.”

“दोन्ही पायात? एकाच वेळी? अहो, ती गोळी सुरू झाल्यापासून हे सुरू झालं. डॉक्टरले सांगा.”

“एवढ्या मोठ्या डॉक्टरले मांडी दुखते म्हणून सांगू?”

त्याऐवजी ते अभियानाच्या कक्षात गेले. अभियानाचे सल्लागार श्रेयस नाडकर्णी पुण्याहून आलेले, चौतिशीचे, अत्यंत नम्र गृहस्थ होते. त्यांच्यासमोर दोन पडदे होते आणि दोन्हींवर हिरव्या रंगाचे आलेख वर चढत होते.

“काका, बसा ना,” श्रेयस म्हणाले. “त्रास होतोय? नोंदवूया की. आपल्या पोर्टलवर सोय आहे.”

पोर्टलवर वेदनेची तीनच कारणं होती : कामामुळे, अपघातामुळे, वयामुळे. यज्ञेश्वरांनी ‘अपघातामुळे’ निवडलं, तर पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक मागितला गेला. ‘वयामुळे’ निवडलं, तर कर्मचारी सेवेस अपात्र आहे काय, हे तपासण्यासाठी मंडळ बसेल, अशी लाल सूचना आली. ‘कामामुळे’ निवडायला त्यांचा हात धजेना. अप्रचलित अभिलेखांच्या तिसऱ्या मजल्यावर मांड्या दुखाव्यात असं कोणतं काम चालतं, याची चौकशी सबंध अनुभागाला महागात पडली असती.

“गोळीमुळे, असं नाही काय यात?”

“गोळी हा उपाय आहे ना, काका,” श्रेयस समजावणीच्या सुरात म्हणाले. “उपाय कारणांच्या यादीत कसा घेणार? तो रकाना वेगळा आहे. हा बघा, ‘दुष्परिणाम’. पण तो डॉक्टरांनी भरायचा असतो. सध्या निरंक आहे.”

“सेहेचाळीस जणांत निरंक?”

“हो ना! राज्यात आपण पहिले आहोत.”

मग लिफ्टची परवानगी तरी मिळावी म्हणून यज्ञेश्वरांनी अर्ज केला. अर्जाला डॉक्टरांचा दाखला हवा होता. म्हणजे डॉक्टरांकडे जाणं आलंच. सुजाताबाईंनी एका कागदावर तीन मुद्दे लिहून दिले : मांड्या दुखतात, गोळीनंतर सुरू झालं, गोळी बदलता येईल काय? यज्ञेश्वरांनी ते बसमध्ये दोनदा म्हणून पाहिले.

डॉक्टरांच्या केबिनबाहेर सुजाताबाईंसोबत दोन तास बसल्यावर त्यांना आत नव्वद सेकंद मिळाले. पहिल्या साठ सेकंदांत डॉक्टरांनी दाखल्यासाठी पुन्हा तपासलेल्या रक्ताचा रिपोर्ट वाचला. कोलेस्टेरॉल दोनशे एकाहत्तरवरून एकशे अठ्ठावन्नवर आलं होतं.

“वाह! शाबाश!” डॉक्टर म्हणाले. दहावीच्या निकालानंतर यज्ञेश्वरांना असं कुणी म्हटलं नव्हतं. मग हात धुवायला उठता उठता डॉक्टरांनी विचारलं, “और कोई तकलीफ़?”

यज्ञेश्वरांच्या खिशात कागद होता. जिभेवर पहिला मुद्दा होता. त्यांनी डॉक्टरांच्या प्रसन्न चेहऱ्याकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडून निघालं, “नहीं सर, आपकी कृपा है. सब बढ़िया.”

“सांगितलं?” बाहेर सुजाताबाईंनी विचारलं.

“त्यांनी विचारलंच नाही.”

“विचारलं. दार अर्धं उघडं होतं, मी ऐकलं.”

यज्ञेश्वरांनी रिक्षाला हात केला. रिक्षात बसताना मात्र “आई गं” म्हणाले.

इथपर्यंत नुकसान फक्त दोन मांड्यांचं होतं. पण एकशे अठ्ठावन्न हा आकडा श्रेयसच्या पडद्यावर पोचला. पुन्हा रक्त तपासलेले सेहेचाळिसांत एकटे यज्ञेश्वरच होते. त्यामुळे त्यांची घट हीच सरासरी घट ठरली आणि ती उरलेल्या पंचेचाळीस जणांना समान वाटण्यात आली. अभियान सफल झालं. यज्ञेश्वर दाणींना ‘हृदयवीर’ घोषित करण्यात आलं. सभागृहात सत्कार आणि त्यानंतर हृदयवीरांच्या नेतृत्वाखाली तीन किलोमीटर स्वास्थ्य-पदयात्रा, असा कार्यक्रम ठरला.

“दानी भैया, आप भी ग़ज़ब करथो,” शेजारच्या टेबलावरचे धर्मपाल साहू हळूच म्हणाले. “अब तक खा रहे हो वो गोली? मैंने तो दूसरे हफ्ते में ही छोड़ दी. घुटने से ऊपर पूरा जाम हो गया था.”

“तुमचंही दुखत होतं?”

“हव. मेरा, तिवारी का, लेखा शाखा में चार लोगों का. सबने छोड़ दी.”

“मग डॉक्टरले काय सांगता?”

“सब बढ़िया,” धर्मपाल म्हणाले. “आप भी छोड़ो. आराम है.”

त्या संध्याकाळी यज्ञेश्वरांनी गोळी तळहातावर घेतली आणि बराच वेळ धरून ठेवली. सोडली तर पाय सुटले असते. पण भिंतीवर गंगाधरचा फोटो होता, त्यात तो त्यांच्याहून चार वर्षांनी लहान होता. त्यांनी गोळी गिळली. सुजाताबाईंनी त्यांच्या मांड्यांना तिळाचं तेल चोळलं. तेलानं काही होत नाही हे दोघांनाही ठाऊक होतं. यज्ञेश्वर म्हणाले, “सुजाता, मले भीती वाटते. घेतली तर चालता येत नाही, न घेतली तर दादासारखं होईल.” एकतीस वर्षांच्या संसारात त्यांनी केलेली ही पहिली तक्रार होती.

सत्काराच्या दिवशी मंचाला पाच पायऱ्या होत्या. यज्ञेश्वर पहिलीवर चढले आणि तिथेच थांबले. नाव तीनदा पुकारलं गेलं. शेवटी दोन चपराशांनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि खुर्चीसकट उचलून मंचावर ठेवलं. टाळ्यांचा कडकडाट झाला, कारण हा कार्यक्रमाचाच भाग आहे असं सगळ्यांना वाटलं. शाल झाली, श्रीफळ झालं आणि ‘दोन शब्द’ बोलायला माइक पुढे आला. खाली तिसऱ्या रांगेत सुजाताबाई बसल्या होत्या. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

यज्ञेश्वरांनी तिकडे पाहिलं आणि खरं बोलून टाकलं.

“इस गोली से मेरी जांघों में बहुत दर्द होता है. डेढ़ महीना हो गया. मैं सीढ़ी नहीं चढ़ पाता. अभी आपने देखा, मुझे उठाकर लाना पड़ा.”

मग मुख्य अतिथी उठून उभे राहिले. “इसे कहते हैं समर्पण!” ते गहिवरून म्हणाले. “दर्द सहा, मगर दवा नहीं छोड़ी!” लोक उभे राहून टाळ्या वाजवू लागले. धर्मपाल सर्वांत जोरात वाजवत होते. दुसऱ्या दिवशी छायाचित्र छापून आलं, त्याखाली ओळ होती : ‘दर्द पर विजय’. पदयात्रेचं नेतृत्व हृदयवीरांनी उघड्या जीपमधून केलं.

यानंतर आठवडाभर लोक एकेकटे यज्ञेश्वरांच्या टेबलापाशी येत, इकडेतिकडे पाहत आणि म्हणत, “मेरा भी दुखता है.” अकरा जण झाले. यज्ञेश्वरांनी गोळी बदलून मिळावी म्हणून संयुक्त अर्ज लिहिला आणि सहीसाठी फिरवला. सगळ्यांनी भाषेची तारीफ केली. लेखा शाखेनं एक वेलांटी दुरुस्तही करून दिली. “आप दीजिए, हम आपके पीछे हैं,” असं अकराही जण म्हणाले आणि खरोखरच इतके मागे राहिले की अर्जावर सही एकच उरली. ‘वैयक्तिक प्रकरण’ असा शेरा मारून तो चौथ्या दिवशी परत आला.

त्या शनिवारी सुजाताबाईंनी त्यांना रिक्षात घालून सदर बाजारात नेलं. तिथे एका सराफाच्या मागच्या गल्लीत डॉक्टर शारदाबाईंचा दवाखाना होता. बाई सत्तरीच्या, दवाखाना एका खोलीचा, तळमजल्यावर.

“काय त्रास आहे?” शारदाबाईंनी विचारलं.

“काही नाही, सगळं बढिया,” यज्ञेश्वर म्हणाले. जीभ आता सरावली होती.

“बढिया आहे तं इथं काहून आलात?”

सुजाताबाई बोलायला पुढे सरकल्या. शारदाबाईंनी हातानं त्यांना थांबवलं आणि नुसत्या बसून राहिल्या. बाहेर दुचाकींचे हॉर्न वाजत होते. बाईंना कुठलीच घाई दिसेना. मिनिटभरानं यज्ञेश्वरांनी दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

“इथं दुखते,” ते म्हणाले आणि मग सगळंच बोलले, अगदी गंगाधरच्या पितळी डब्यापर्यंत.

शारदाबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं. “गोळीचा त्रास काही जणांले होतो,” त्या म्हणाल्या. “म्हणून मनानंच बंद करायची नाही, अन् मुकाट्यानं सोसायचंही नाही. तुमच्या घरात हृदयाचं दुखणं आहे, औषध लागणारच. आधी स्नायूंची एक रक्ततपासणी करू. मी सांगते तेवढे दिवस गोळी थांबवा. मग दुसरी देते, कमी मापाची. दर महिन्याले येऊन खरं सांगायचं.”

“एवढंच?”

“एवढंच. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तं पहिल्याच दिवशी झालं असतं.”

महिन्याभरात यज्ञेश्वर पाटावरून चौकट न धरता उठू लागले. दुसऱ्या गोळीनंही कोलेस्टेरॉल आटोक्यात राहिलं आणि मांड्या गप्प बसल्या. अभियानाच्या पोर्टलवर मात्र, बाहेरचं औषध घेतल्यामुळे, त्यांच्या नावापुढे ‘लाभार्थी संपर्काबाहेर’ अशी नोंद झाली. संपर्काबाहेरचे यज्ञेश्वर रोज त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर जात होते.

एका रविवारी सकाळी त्यांच्या दारात श्रेयस नाडकर्णी उभे राहिले.

“काका, इकडूनच चाललो होतो,” ते म्हणाले. नव्या रायपुरात राहणारा माणूस तात्यापाऱ्याच्या गल्लीतून कुठे चालला असेल, हे यज्ञेश्वरांनी विचारलं नाही. सुजाताबाईंनी चहा ठेवला. श्रेयस खुर्चीच्या दोन्ही हातांवर भार टाकत बेतानं टेकले.

“त्या सदर बाजारातल्या डॉक्टरबाईंचा पत्ता हवा होता. माझ्या एका मित्रासाठी.”

“मित्राले काय होते?”

“तीच गोळी. उद्घाटनाला फोटोपुरतं रक्त दिलं होतं... म्हणजे त्यानं. त्यात निघालं.”

“मित्राले बसताना जास्त दुखते का उठताना?”

“उठताना,” श्रेयस चटकन म्हणाले. मग कपात पाहत पुढे म्हणाले, “म्हणजे, तो तसं सांगतो.”

“अन् तुमच्या पोर्टलवर?”

“निरंक.”

यज्ञेश्वरांनी कागदावर पत्ता लिहून दिला आणि श्रेयसना उठायला हात दिला. पुढच्या बुधवारी धर्मपालनी मेव्हण्यासाठी पत्ता नेला. लेखा शाखेनं चार मित्रांसाठी नेला. मुख्य अतिथींच्या कार्यालयातूनही एका निकटच्या परिचितासाठी फोन आला. शारदाबाई सांगतात की एवढ्या लोकांपैकी मित्र, मेव्हणा किंवा परिचित असा एकही अजून आलेला नाही. ज्यांनी पत्ता नेला, तेच येतात, आणि आल्या आल्या “काही नाही, सगळं बढिया” म्हणतात.

पत्ता इथे छापायला माझी काही हरकत नव्हती. पण तुम्ही आधी सांगा, कोणासाठी हवा आहे?